बॉल पायथन: पेटीतलं वारूळ आणि न जेवणारा साप

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. प्रश्नोत्तरांतले निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)



आजचा विषय जाहीर झाल्यापासून दोन तऱ्हेचे निरोप येत आहेत. पहिली तऱ्हा परदेशातल्या आई-बाबांची. टेक्सास, लेस्टर, टोरांटो. मुलगी किंवा मुलगा बॉल पायथनसाठी हटून बसलाय, दुकानात तो सहज मिळतो, दुकानदार म्हणतो की काही त्रास नाही, आठवड्याला एक उंदीर टाकला की झालं. तर आणावा का? दुसरी तऱ्हा इथल्या लोकांची. नागपंचमीला सापाला दूध पाजू नका म्हणून तुम्हीच घसा फोडता, आणि आता साप घरात ठेवायचा कसा यावर व्याख्यान?

दुसरा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं आधी बघू. बॉल पायथन हा आज जगात सर्वांत जास्त पाळल्या जाणाऱ्या सापांपैकी एक आहे. तो पाळला जायला हवा होता की नाही, यावर वाद घालता येईल. पण जो साप आता कुणाच्या तरी खोलीत पेटीत बसलाय, त्याला आजची रात्र काढायचीच आहे. ती तो कशी काढतो, हा आपला विषय.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण भारतात ऐकणारेही बरेच आहेत. आपल्याकडचा अजगर, म्हणजे इंडियन रॉक पायथन, हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पकडून ठेवणं, पाळणं, विकणं हा गुन्हा. शेतात सापडलेलं पिल्लू 'जरा मोठं करून सोडू' म्हणून घरी ठेवणं हासुद्धा गुन्हाच. सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवा. बॉल पायथन आपल्याकडचा नाही, पण 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो येतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांसाठी आपल्या कायद्यात वेगळं प्रकरण आलं, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी जवळ असेल तर 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, हेही कळवायचं असतं. कागद नसलेला साप 'स्वस्तात' मिळतोय असं कुणी म्हणालं, तर तो कुठून आला असेल हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. आपल्या विमानतळांवर सामानात कोंबलेली पिल्लं पकडली गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील.

बरं, आता प्राण्याकडे येऊ.

अमेरिकेत याला बॉल पायथन म्हणतात, ब्रिटनमध्ये रॉयल पायथन. शास्त्रीय नाव पायथन रेजियस, म्हणजे राजेशाही अजगर. १८०२ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गतज्ज्ञाने हे नाव दिलं. 'बॉल' का, तर घाबरला की डोकं मधोमध घालून स्वतःभोवती इतकी घट्ट वेटोळी घालतो की लाडूच होतो. लोकांना हे फार गोंडस वाटतं, व्हिडिओ काढतात. लक्षात घ्या, तो लाडू झालाय याचा अर्थ तो भ्यायलाय. त्याच्याकडे विष नाही, पळायचा वेग नाही, म्हणून तो डोकं वाचवतोय. त्या क्षणी त्याला परत पेटीत ठेवणं हीच सभ्यता.

आकाराने हा अजगरांत लहान. मादी साधारण चार-पाच फूट, नर त्याहून लहान, तीन-साडेतीन फूट. वजन दीड-दोन किलोच्या आसपास. बर्मी अजगरासारखा वीतभर पिल्लाचा पंधरा फूट होत नाही, म्हणूनच तो पाळायला लोकप्रिय झाला. पण त्याचं आयुष्य बघा. नीट ठेवला तर वीस ते तीस वर्षं सहज. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात साठी ओलांडलेल्या एका मादीने २०२० मध्ये सात अंडी घातली, आणि त्याआधी निदान पंधरा वर्षं तिच्या जवळ नर नव्हता. जगभर बातमी झाली. म्हणजे दहावीतल्या मुलाने आज हा साप आणला, तर मुलगा कॉलेजला जाईल, नोकरीला लागेल, लग्न करेल, आणि साप आई-बाबांकडेच असेल. हा हिशोब दुकानदार सांगत नाही.

आता मुद्द्याचं. हा साप राहतो कुठे? सेनेगलपासून युगांडापर्यंत, सहारा वाळवंटाच्या खालच्या पट्ट्यात. गवताळ माळरान, विरळ झाडी, शेतांच्या कडा. दिवसा तो जमिनीखाली असतो: उंदरा-घुशींसारख्या प्राण्यांनी सोडलेल्या बिळात, नाहीतर वाळवीच्या वारुळात. वारुळात साप राहतो ही आपल्याकडची समजूत इथे अगदी शब्दशः खरी आहे. बाहेर उन्हाचा कडाका असतो, कोरडा वारा सुटलेला असतो, पण आत ऊब असते, अंधार असतो, दमट हवा असते, आणि मुख्य म्हणजे पाठ, पोट, दोन्ही कुशी, सगळीकडून माती अंगाला लागलेली असते. संध्याकाळनंतर तो बाहेर पडतो.

हे चित्र डोक्यात पक्कं ठेवा. पाळलेल्या बॉल पायथनची जवळजवळ प्रत्येक तक्रार याच्याशी जोडून बघितली की उलगडते. काच चारी बाजूंनी उघडी, वर पांढरा दिवा, तळाला वर्तमानपत्र, कोपऱ्यात एक अर्धा नारळ. माणसाला ते स्वच्छ दिसतं. सापाच्या दृष्टीने तो भर माळावर, दिवसाउजेडी, घारीच्या टप्प्यात बसवलेला आहे. आणि मग आपण विचारतो, जेवत का नाही?

तर पेटीत वारूळ करायचं आहे. पहिली गोष्ट आडोसे. निदान दोन हवेत, एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला. दोन का? एकच असेल तर सापाला निवड करावी लागते: ऊब घेऊ की लपू? आणि हा साप बहुतेक वेळा लपणं निवडतो. म्हणजे पोटात अन्न असूनही थंड कोपऱ्यात बसून राहील. आडोसा घट्ट हवा, वेटोळं घालून बसला की भिंती अंगाला टेकल्या पाहिजेत. मोठी ऐसपैस गुहा विकत आणतात लोक, ती दिसते छान, सापाला तिचा उपयोग कमी. साधा प्लास्टिकचा डबा उपडा करून त्याला दार कापलं तरी चालतं, फक्त कडा घासून घ्या. पेटीच्या तीन बाजू बाहेरून काळ्या कागदाने झाका. मधल्या मोकळ्या जागेत फांद्या, सालीचे तुकडे, कृत्रिम पानं अशी गर्दी करा, म्हणजे एका आडोशातून दुसऱ्यात जाताना त्याला उघड्यावरून जावं लागणार नाही.

दुसरी गोष्ट ऊब, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण साप मरतात किंवा भाजतात ते इथे. साप स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करून ठेवत नाही, बाहेरून घेतो. म्हणून पेटीत एकच तापमान नको, उतार हवा. उबदार टोकाला, साप बसतो त्या पृष्ठभागावर, ३१ ते ३३ अंश सेल्सिअस. अमेरिकेतल्यांसाठी, ८८ ते ९२ फॅरेनहाइट. थंड टोकाला २५-२६. रात्री थोडं उतरलं तरी हरकत नाही, पण २३-२४ च्या खाली नको. साप या दोन टोकांमध्ये स्वतः ये-जा करून स्वतःचं तापमान सांभाळतो. त्यासाठी दोन टोकं खरोखर वेगळी असायला हवीत. वीतभर लांबीच्या डब्यात ती वेगळी राहतच नाहीत.

ऊब देण्याची साधनं अनेक: तळाखाली लावायची हीट मॅट, वरून लावायचा सिरॅमिक हीट एमिटर, जाळीच्या आत बसवलेला दिवा. कुठलंही घ्या, पण थर्मोस्टॅटशिवाय एकही लावू नका. एकही! थर्मोस्टॅट नसलेली हीट मॅट पृष्ठभाग पन्नासच्या वर नेऊ शकते, आणि साप उठून जात नाही. खालून मिळणाऱ्या उष्णतेबद्दल त्यांची प्रतिक्रिया आपल्यासारखी झटपट नसते, आणि आडोसा सोडायची भीती वेगळीच. पोटाचे खवले भाजून निघतात तरी तो तिथेच. तापणारे कृत्रिम दगड अजून कुठेकुठे विकले जातात, त्यांना हातही लावू नका. वरचा दिवा असेल तर त्याला जाळी हवीच, कारण साप त्याला विळखा घालतो. आणि तापमान मोजायला काचेवर चिकटवायचा गोल काटा नको, तो काचेचं तापमान सांगतो आणि तेही अंदाजे. प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर, एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला. थर्मोस्टॅटवर आकडा लावला म्हणजे तो आकडा सापापर्यंत पोचला असं नाही. मोजून बघा.

दमटपणा. ५५ ते ६५ टक्क्यांच्या आसपास, कात टाकायच्या दिवसांत ७० पर्यंत. कात टाकायची वेळ आली की डोळे निळसर दुधी होतात, रंग मळका दिसतो. त्या आठवड्यात तो हाताळायचा नाही, बहुधा जेवणारही नाही. मग डोळे परत स्वच्छ होतात आणि काही दिवसांनी कात उतरते. ती एकसंध मोजा उलटा काढावा तशी आली, डोळ्यांवरच्या टिकल्यांसकट, तर पेटीतली हवा बरोबर आहे. तुकड्या-तुकड्यांनी आली तर कोरडी आहे. मला विचाराल तर हायग्रोमीटरपेक्षा कात जास्त खरं सांगते. डोळ्यावरची टिकली राहिली तर नखाने खरवडू नका. दमट कापडाच्या पिशवीत थोडा वेळ ठेवा, तरी निघाली नाही तर पशुवैद्याकडे.

तळाला अंथरायला आपल्या बागकामवाल्यांचं ओळखीचं कोकोपीट, किंवा नारळाच्या सालीचे तुकडे. ओलावा धरून ठेवतात. वरचा थर कोरडा आणि खालचा दमट ठेवायचा, म्हणजे कोपऱ्यातून पाणी ओतायचं, सगळीकडे फवारत बसायचं नाही. सतत ओल्या अंथरुणावर बसलेल्या सापाच्या पोटाचे खवले कुजतात. देवदाराचा भुसा अजिबात नको, त्यातली वाफाळणारी तेलं सापाच्या श्वसनाला त्रास देतात. पाण्याचं भांडं जड हवं, उलटणार नाही असं. साप त्यात अधूनमधून बसला तर बसू दे. रोज तासन्‌तास बसून असेल तर मात्र बघा: एकतर उकडतंय, नाहीतर अंगावर गोचिडीसारखे बारीक काळे किडे, माइट्स, झालेत आणि तो त्यांना बुडवायला बसलाय.

आता पेटी केवढी हवी. इथे पाळणाऱ्यांमध्ये दोन तट आहेत आणि वाद बऱ्यापैकी कडवा आहे. व्यापारी पैदास करणारे साप ड्रॉवरसारख्या खणांत ठेवतात, एकावर एक. त्यांचं म्हणणं असं की हा साप बिळातला, त्याला मोठी जागा दिली की तो बिथरतो, जेवण सोडतो. दुसरा तट म्हणतो, प्रौढ सापाला निदान चार फूट बाय दोन फूट बाय दोन फूट पेटी हवी. मी दुसऱ्या तटात आहे, आणि का ते सांगतो. मोठ्या पेटीत बिथरलेला साप मोठेपणाने बिथरत नाही, रिकामेपणाने बिथरतो. त्या पेटीत आडोसे वाढवा, मधली जागा भरा, तोच साप रात्री फिरायला लागतो. साप फक्त बिळात राहतो हेही अर्धसत्य आहे. दक्षिण-पूर्व नायजेरियातल्या सापांवरचा एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लहान साप आणि नर हे बऱ्याच प्रमाणात पक्षी खाताना आढळले, मोठ्या माद्या उंदरांसारखे प्राणी. म्हणजे हे साप झाडांवर चढतात. खणात ठेवलेल्या सापाला चढायला काय आहे? सरळ लांब पसरायलासुद्धा जागा नाही. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाने कॉर्न स्नेकवर, म्हणजे वेगळ्या जातीवर, प्रयोग केले. तिथे मोठ्या जागेत साप पूर्ण लांब होऊन पडताना दिसले. जात वेगळी आहे हे मान्य, पण पाठीचा कणा सरळ करायची गरज जातीपरत्वे बदलत असेल असं मला वाटत नाही.

एक मधली गोष्ट: दोन साप एका पेटीत कधीही नाही. 'एकमेकांना बिलगून बसतात, किती प्रेम' असं लोक म्हणतात. ते एकाच चांगल्या जागेवर हक्क सांगत असतात.

आता जेवण. आधी हे कसं चालतं ते थोडं. या सापाच्या वरच्या ओठाच्या कडेने छोटे खड्डे असतात, बघितले असतील तुम्ही. ते उष्णता ओळखतात. अंधाऱ्या बिळात त्याला उंदीर 'दिसतो' तो गरम ठिपका म्हणून. म्हणून गार, ओला, मऊ पडलेला उंदीर समोर ठेवला तर त्याच्या लेखी ते भक्ष्यच नाही. पकडल्यावर विळखा घालतो. सगळे समजतात विळख्याने श्वास कोंडतो. बोआवर २०१५ मध्ये झालेल्या प्रयोगात दिसलं की काही सेकंदांतच रक्ताभिसरण बंद पडतं, श्वास कोंडायची वेळच येत नाही. मग गिळणं, आणि मग खरं काम सुरू होतं. बर्मी अजगरावर जे संशोधन झालं त्यात जेवणानंतर दोन दिवसांत हृदयाचं वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं, आतडी फुगतात, सगळं यंत्र गिरणीसारखं सुरू होतं आणि पचन संपलं की परत बंद. ही गिरणी उष्णतेवर चालते. थंडीत अन्न पोटात तसंच राहतं, सडायला लागतं, आणि साप ते उलटून टाकतो. म्हणून जेवणानंतर दोन दिवस हात लावायचा नाही आणि उबदार टोक बिघडू द्यायचं नाही. उलटी झालीच, तर लगेच 'बिचारा उपाशी आहे' म्हणून परत खायला देऊ नका. दोन आठवडे थांबा, तापमान तपासा, मग नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्या. परत उलटी झाली तर डॉक्टर.

काय आणि किती? अख्खा उंदीर. परदेशात गोठवलेले उंदीर मापाप्रमाणे पाकिटात मिळतात. सापाचा सर्वांत जाड भाग जेवढा, तेवढ्याच जाडीचा किंवा किंचित कमी. पिल्लाला आठवड्याला एकदा, त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के. अर्ध्या किलोच्या आसपास पोचला की अंतर वाढवत न्यायचं. प्रौढ सापाला वजनाच्या ५ ते ७ टक्के, दोन ते चार आठवड्यांतून एकदा. हो, महिन्यातून एकदासुद्धा. दुकानदाराचा 'आठवड्याला एक' हा सल्ला पिल्लासाठी ठीक, प्रौढाला तो लठ्ठ करतो. आणि लठ्ठ बॉल पायथन हा उपाशी बॉल पायथनइतकाच आजारी असतो, फक्त त्याची काळजी कुणी करत नाही. वळताना कातडीला वळ्या पडतात, शेपटीच्या मुळाशी चरबी दिसते, तर जेवण जास्त होतंय. दर महिन्याला स्वयंपाकघरातल्यासारख्या ग्रॅमच्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. स्वयंपाकघरातल्यासारख्या म्हटलं, स्वयंपाकघरातल्या नाही. काटा वेगळा ठेवा.

उंदीर आदल्या रात्री फ्रिजमध्ये खालच्या बाजूला, बंद पिशवीत, विरघळायला ठेवायचा. जेवणाच्या वेळी पिशवीसकट गरम पाण्यात, बाहेरून साधारण ३८-४० अंश होईपर्यंत. मायक्रोवेव्ह नाही, आत शिजतो आणि फुटतो. मग कोरडा करून लांब चिमट्याने, संध्याकाळनंतर, दिवे मंद करून, आडोशाच्या तोंडाशी. हाताने नाही, गरम हात आणि गरम उंदीर यांत त्याला फरक कळत नाही. जिवंत उंदीर शक्यतो टाळाच. उंदराच्या वेदनेचा प्रश्न आहेच, आणि भूक नसलेल्या सापाला कोंडलेला उंदीर चावून सोलून काढतो. पाठीचा कणा उघडा पडेपर्यंत कुरतडलेले साप पशुवैद्यांना बघावे लागतात.

आणि आता तो प्रश्न. साप जेवत नाही, तीन आठवडे झाले, दीड महिना झाला. हा या जातीचा सर्वांत प्रसिद्ध गुण, किंवा अवगुण. आई-बाबा रात्री जागतात. तर जंगलात बॉल पायथन वर्षातले काही महिने खातच नाही. विणीच्या काळात नर जेवण सोडतो, अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली मादी दोन महिने जागची हलत नाही. शरीर त्यासाठीच बनलंय. प्रौढ, अंगाने भरलेला साप हिवाळ्यात तीन-चार महिने जेवला नाही आणि वजन जवळजवळ तेवढंच राहिलं, तर ते दुखणं नव्हे, उपास आहे. चतुर्मास समजा.

पण याच वाक्याचा आधार घेऊन लोक आजारी सापाकडेही दुर्लक्ष करतात, म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी पेटी तपासा: तापमान, आडोसे, कोणी रोज उचलून घेतंय का, पेटी टीव्हीच्या शेजारी आहे का, कात येतेय का. मग भक्ष्य: पुरेसं गरम होतं का, कोरडं होतं का, सापाला उंदरांऐवजी चिचुंद्री-छाप लहान उंदरांची, म्हणजे माइसची सवय आहे का. पहिल्या दुकानात काय खात होता हे विचारा. नकार दिला की दुसऱ्या दिवशी परत पुढे करू नका, आठ-दहा दिवस विसरून जा. रोज समोर नाचवलेला उंदीर त्याला भीतीच शिकवतो. आणि वजनाची वही. वजन १० टक्क्यांहून जास्त उतरलं, किंवा साप तोंड उघडून श्वास घेतोय, नाकाशी बुडबुडे आहेत, श्वासाला शिट्टीसारखा आवाज आहे, डोकं सतत वर धरतोय, तर उपासाचं कौतुक बंद करून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याकडे जा. तो श्वसनाचा संसर्ग असू शकतो. अजगरांमध्ये नायडोव्हायरस म्हणून एक विषाणू आहे, २०१४ मध्ये बॉल पायथनमध्येच त्याचं वर्णन झालं, आणि तो एका सापाकडून दुसऱ्याकडे जातो. घरात आधीचा साप असेल तर नवा निदान तीन महिने वेगळ्या खोलीत. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेवत नसेल तर मात्र इतका वेळ हाताशी नसतो. त्याच्या अंगात साठा नाही.

म्हणूनच विकत घेताना एकच गोष्ट पक्की करा: पिल्लू कुणाच्या घरी जन्मलंय आणि किती वेळा जेवलंय. टोगो, घाना, बेनिन इथून दरवर्षी फार मोठ्या संख्येने पिल्लं निर्यात होतात. गाभण माद्या आणि अंडी बिळांतून खणून काढायची, आवारात उबवायची, पिल्लं विमानाने पाठवायची. साइट्सच्या यादीतल्या ज्या प्राण्यांची आफ्रिकेतून कायदेशीर जिवंत निर्यात होते, त्यांत हा साप अगदी वरच्या क्रमांकावर आहे, आणि आता त्याला 'संकटाच्या जवळ' या गटात टाकलंय. ही पिल्लं स्वस्त असतात, माइट्स घेऊन येतात, आणि जेवायला नकार देणाऱ्यांत त्यांचा भरणा मोठा. गंमत बघा, त्याच बेनिनमध्ये विदा नावाच्या गावात याच सापाचं देऊळ आहे, दांगबे या दैवताचं, बरोब्बर कॅथलिक चर्चच्या समोर. तिथले साप गावात फिरतात, कुणाच्या घरात शिरला तर लोक त्याला आदराने परत आणून सोडतात.

रंगांबद्दल एकच सांगतो. पांढरे, पिवळे, ठिपक्यांचे असे शेकडो प्रकार पैदाशीतून तयार झालेत. त्यातला 'स्पायडर' नावाचा प्रकार घेऊ नका. त्या जनुकाबरोबर तोल जाण्याचा दोष येतो, डोकं डुगडुगतं, साप उलटा पडतो, भक्ष्यावरचा नेम चुकतो. रंग सुंदर आहे म्हणून तो दोष पुढच्या पिढीत उतरवत राहणं मला पटत नाही.

प्रश्न: आमचं घर शाकाहारी आहे. अंडी किंवा पनीरवर चालेल का?

नाही. पूर्ण प्राणी, हाडं आणि यकृतासकट, हेच त्याचं अन्न. घरात मेलेले उंदीर फ्रीझरमध्ये ठेवायची तयारी नसेल तर साप आणू नका, हे मी स्पष्ट सांगतो. तयारी असेल तर छोटा वेगळा फ्रीझर घ्या, श्रीखंडाच्या डब्याशेजारी नको. सापांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला असू शकतो. पेटीची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि पाच वर्षांखालची मुलं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली आजी-आजोबा घरात असतील तर जास्तच जपायचं.

प्रश्न: तो मालकाला ओळखतो का?

वासाची सवय होते, भीती कमी होते. कुत्र्यासारखं प्रेम शोधू नका. हातावर शांत, सैल वेटोळ्यात, जीभ लपलप करत हिंडतोय म्हणजे त्याला तुमची भीती वाटत नाही. एवढं मिळालं तरी पुष्कळ.

प्रश्न: ठेवणं जमलं नाही तर रानात सोडावा का?

कुठल्याही देशात नाही. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये सुटलेल्या बर्मी अजगरांनी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. थंड देशात तो पहिल्या हिवाळ्यात मरेल, उबदार देशात सोबत नेलेले रोग तिथल्या सापांना देईल. परदेशात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पुनर्वसनाच्या संस्था असतात, भारतात वनखात्याला कळवा.

प्रश्न: साप पेटीतून सुटला तर शोधायचा कसा?

सुटतातच. झाकण घट्ट वाटतं आणि नसतं, म्हणून पेटीला कुलूप लावा. सुटला तर आधी खोलीचं दार बंद, दाराखालच्या फटीत टॉवेल, संडासाचं झाकण बंद. दिवसा तो हलणार नाही, म्हणून घट्ट आणि उबदार जागा बघा: पुस्तकांच्या मागे, सोफ्याच्या आत, गादीखालच्या खणात, फ्रिजच्या मागे मोटरपाशी. पेटीचं दार उघडं आणि आतली ऊब चालू ठेवा, काही साप स्वतःच परत येतात. सापडला नाही तर रात्री भिंतीच्या कडेकडेने आणि दाराशी पिठाची पातळ रेघ ओढा. साप भिंत धरून चालतो, सकाळी पिठात माग दिसतो. बहुतेक वेळा तो त्याच खोलीत असतो, तुम्ही दोनदा बघून झालेल्या जागी.